घरातल्या माणसांनी मिळून ब्लूज वाजवायचा तर…

आमच्या घरात सगळे पहिल्यांदा मिळून वाजवायला बसलो, तेव्हा चौथ्या मिनिटाला मुलगा उठून गेला. नवऱ्याच्या हातात गिटार, मुलाच्या हातात गिटार, मुलीकडे चार तारांची छोटी युकुलेली, मी गात होते आणि सासरे पत्र्याच्या डब्यावर ठेका धरून बसले होते. पाचही जण पूर्ण जोरात, एकही क्षण न थांबता. कुणाचं कुणाला ऐकू येईना आणि चुकतोय तो दुसराच, याबद्दल प्रत्येकाची खात्री.

त्यातून जे कळलं ते आधीच सांगून टाकते. घरच्या वादनात ज्याला जेवढं येतं त्याच्या निम्मंच त्याने वाजवायचं. बँडमध्ये ठेकेवाला जमला नाही तर दुसरा शोधता येतो. सासरे बदलता येत नाहीत. म्हणजे गाणंच माणसांच्या मापाने बेतावं लागतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा साधा, वीज न लागणारा ब्लूज आणि त्याच्या शेजारचं लोकसंगीत याला फार सोयीचं आहे, कारण त्याच्या रचनेतच रिकाम्या जागा ठेवलेल्या असतात. त्या जागा कशा वाटून घ्यायच्या, एवढाच या लेखाचा विषय. घरात एकाला थोडंफार गिटार येत असेल आणि बाकीच्यांना काहीच येत नसेल, तरी चालेल.

आधी ऐका

वाद्यं हातात घेण्याआधी आठवडाभर नुसतं ऐका. सुरुवात कार्टर फॅमिलीपासून करा. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि त्याच्या भावाची बायको मेबेल या तिघांचं पहिलं ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९२७ मध्ये टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावी झालं. सारा आणि मेबेल जावा, शिवाय नात्याने बहिणीही. ऐकताना कुणी किती कमी करतंय याकडे लक्ष द्या. सारा गाते आणि ऑटोहार्प या तंतुवाद्यावर साथ धरते. मेबेल अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवते आणि बोटाने बारीक तारांवर कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) झाडते. एकाच गिटारवर दोन कामं. आणि ए. पी.? मनात आलं तर खर्जात सूर मिळवतो, नाही तर गप्प असतो. घरात असा एक माणूस असतोच. त्याला तसाच राहू द्यावा.

मग मिसिसिपी शीक्स ऐका. मिसिसिपीतल्या बोल्टनच्या चॅटमन कुटुंबातून हा गट निघाला; वडील फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवायचे, मुलंही वाजवायला लागली. १९३० पासूनच्या त्यांच्या मुद्रणांत लॉनी चॅटमनचं फिडल आणि वॉल्टर विन्सनची गिटार आहे. वॉल्टर घरातला नव्हता, पण भावंडांत मुरला होता. तिसरी जोडी मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय. हे नवरा-बायको १९२९ मध्ये पहिल्यांदा मुद्रित झाले. दोघांकडे गिटार, तरी ती एकमेकींच्या अंगावर येत नाहीत. का येत नाहीत, ते पुढे येईल.

वाद्यं: एक चांगलं, बाकी कामचलाऊ

एक गिटार नीट हवी. नीट म्हणजे महाग नव्हे. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) सगळ्यात जाड तार फ्रेटपासून किती वर आहे ते पट्टीने मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. चार-साडेचार असेल तर तार दाबताना बोटं सोलतात आणि दोष माणसाच्या सरावावर जातो. दुरुस्ती करणाऱ्याकडून आधी ती उंची कमी करून घ्या. तारा ०.०११ इंच मापाच्या, हलक्या घ्या. लहान मुलांसाठी नायलॉनच्या तारांची छोटी गिटार बरी. मात्र नायलॉनसाठी बनवलेल्या गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. त्यांचा ताण बराच जास्त असतो, तारा जिथे अडकवतात तो ब्रिज उखडून येतो.

नऊ-दहा वर्षांच्या हाताला युकुलेली अधिक मानवते. आपण पुढे जी पट्टी घेणार आहोत तिचा मुख्य कॉर्ड युकुलेलीवर एका बोटात लागतो.

बाकीच्यांसाठी हा इतिहासच मदतीला धावतो. १९२७ मध्ये मुद्रणं सुरू करणाऱ्या मेम्फिस जग बँडसारख्या (इथे जग म्हणजे बरणी) गटांनी रिकाम्या मोठ्या बरणीच्या तोंडावर ओठ फुरफुरवून खर्जाचे सूर काढले. कपडे घासायची पन्हळी फळी अंगुस्तानं घातलेल्या बोटांनी खरवडून ताल धरला. काझू ही पडदा लावलेली छोटी नळी तर नुसती तोंडात धरून गुणगुणायचं. त्यात फुंकलं तर काही वाजत नाही, हे प्रत्येक नवशिक्याला वेगळं सांगावं लागतं. यातलं काहीही अर्ध्या तासात हाताळता येतं. गंमत म्हणून ठेवलेली ही वाद्यं नाहीत. गिटारमध्ये नसलेला खर्ज आणि खरखर तीच भरून काढतात.

हार्मोनिका घ्यायची असेल तर दहा भोकांची साधी, एकाच पट्टीची घ्या. इथे सगळे फसतात: गाणं ए पट्टीत असेल तर ब्लूजसाठी हार्मोनिका ए ची नाही, डी ची लागते. गाण्याचा सा जिथे आहे त्याच्या मध्यमावरची हार्मोनिका घ्यायची आणि फुंकण्यापेक्षा श्वास आत ओढून जास्त वाजवायची, म्हणजे तो रडवा, वळणारा आवाज निघतो. गाणं जी मध्ये असेल तर सी ची.

सूर जुळवायला चिमटा-ट्यूनर किंवा फोनवरचं ॲप पुरे. फक्त सगळ्यांनी एकाच ट्यूनरवर जुळवा आणि हार्मोनिका असेल तर तिच्याशी पडताळून पाहा, कारण तिचे सूर ऐनवेळी बदलता येत नाहीत.

पहिली बैठक: वाद्यं खाली ठेवून

पहिल्या दिवशी फक्त पाय. सगळ्यांनी खुर्चीत बसून पाय सपाट टेकवायचे आणि एका लयीत चार-चार मात्रा मोजायच्या. मग प्रत्येक मात्रेचे मनात तीन सारखे तुकडे करायचे आणि मधला गाळायचा: डं–ड, डं–ड, डं–ड, डं–ड. लंगडत चालल्यासारखी ही चाल म्हणजे शफल. दोन सारखे तुकडे पाडलेत की ती कवायत होते, ब्लूज होत नाही. आता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी. पहिल्या-तिसऱ्यावर टाळी द्यायची सवय हाताला इतकी पक्की असते की पाच मिनिटं हसण्यातच जातात. जाऊ देत.

लय कुणाची? सगळ्यात कच्च्या माणसाची. ज्या गतीला त्याला कॉर्ड बदलता येतो, ती गती. हे एकदा ठरलं की घरातली अर्धी भांडणं मिटतात. संथ ब्लूज वाईट वाजत नाही. उलट घाईघाईने वाजवलेलाच वाईट वाजतो.

बारा बारचं आवर्तन

चार मात्रांचा एक बार, असे बारा बार. म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन, आणि पुन्हा पहिला बार आला की सम. ताल मोजायची सवय असलेल्या माणसाला हे चटकन कळतं. आमच्याकडे सासऱ्यांना सगळ्यात आधी कळलं आणि तेव्हापासून समेवर मान हलवण्याचं काम त्यांच्याकडे आहे. तो इशारा गिटारवाल्यांना अजूनही लागतो.

ए पट्टी घ्या, कारण तिन्ही कॉर्ड सोपे आहेत: ए-सेव्हन, डी-सेव्हन, ई-सेव्हन.

पहिले चार बार ए-सेव्हन.
पाचवा-सहावा डी-सेव्हन, सातवा-आठवा परत ए-सेव्हन.
नववा ई-सेव्हन, दहावा डी-सेव्हन, अकरावा ए-सेव्हन, बारावा ई-सेव्हन.

बाराव्यातला ई-सेव्हन पुढच्या आवर्तनात ढकलतो. शेवटच्या फेरीत तो टाळून ए वरच थांबायचं.

एका मोठ्या कागदावर चार-चार घरांच्या तीन ओळी आखून कॉर्ड लिहा आणि भिंतीवर चिकटवा. एकाने बोट ठेवत पुढे जायचं. वाजवता न येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलालाही हे काम देता येतं, आणि बोट ठेवणारा हरवला की सगळेच हरवतात, त्यामुळे ते काम मानाचं ठरतं.

ए पट्टी गळ्याला उंच किंवा खाली पडली तर? कॅपो (मानेवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून पट्टी फक्त वर जाते: दुसऱ्या फ्रेटवर लावला की याच बोटांनी बी, तिसऱ्यावर सी. खाली यायचं असेल तर जी घ्या. कॉर्ड जी-सेव्हन, सी-सेव्हन, डी-सेव्हन. घरात बायकांचे, पुरुषांचे आणि मुलांचे गळे एकत्र असतात, म्हणून सगळ्यांना सोयीची एक पट्टी सहसा सापडत नाहीच. जो मुख्य ओळ गाणार त्याची पट्टी घ्या, बाकीच्यांनी सप्तक बदलायचं किंवा गप्प बसायचं. ए. पी. कार्टर आठवा.

शब्द आणि रिकामी जागा

ब्लूजचं कडवं तीन ओळींचं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं किंवा बगल द्यायची. मराठीतही बेलाशक लिहा. आमचं एक असं आहे:

चावी कुठे ठेवली, कुणालाच आठवेना,
अगं चावी कुठे ठेवली, कुणालाच आठवेना,
दार उघडंच आहे, पण बाहेर कुणी जाईना.

प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण शब्द साधारण अडीच बारांत संपतात. उरलेला दीड बार मोकळा. घरच्या संगीताचा सगळा जीव या दीड बारात आहे. पहिल्या ओळीनंतर हार्मोनिकाने उत्तर द्यायचं, दुसरीनंतर गिटारने, तिसरीनंतर डब्याने. एका जागेला एकच माणूस. गाणारा गात असताना उत्तर देणाऱ्यांनी हात आवरायचे. आमचा उठून गेलेला मुलगा परतला तो याच कारणाने: बारा बारांत त्याला फक्त सहा मात्रा मिळाल्या, पण त्या सहा मात्रांत बाकी सगळे गप्प राहून त्याचंच ऐकत होते.

शब्द सुचत नसतील तर मुलांवर सोपवा. गिटार उलटी धरून डाव्या हाताने वाजवणाऱ्या अमेरिकी लोकगायिका एलिझाबेथ कॉटन आजींनी पतवंडांना असंच कामाला लावलं होतं. एकाने कडवं रचलं, मग प्रत्येक जण त्यात भर घालत गेला आणि ते गाणं पुढे मुद्रित झालं तेव्हा गायली पणतीच. मुलांचे शब्द मोठ्यांनी सुधारू नयेत, असं माझं ठाम मत आहे. यमक चुकलेलं कडवं घरात वर्षानुवर्षं टिकतं. सुधारलेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

दुसरा सूर

इथे सगळ्यात जास्त वेळ जाईल. आपण घोळक्यात गातो ते बहुतेक वेळा एकाच सुरात. त्यामुळे शेजारचा माणूस वेगळ्या सुरावर गेला की कान त्याच्या मागे पळतो. माझी मुलगी पहिला शब्द बरोबर वरच्या सुरात घ्यायची, दुसऱ्यावर डगमगायची आणि तिसऱ्यावर अलगद माझ्या सुरावर येऊन बसायची. तिला कळायचंही नाही. रागावून उपयोग नसतो. मी तिला पाठीला पाठ लावून उभं केलं, एका कानात बोट घालायला सांगितलं आणि तिचा एकच सूर गिटारवर सतत वाजवत ठेवला. तिसऱ्या संध्याकाळी ती टिकली. पाठीमागून तिचा सूर माझ्या सुराला भिडला तेव्हा माझ्या बरगड्यांत हलकी थरथर जाणवली, आणि पुढची ओळ मीच विसरले.

पहिला दुसरा सूर अगदी सोपा निवडा. ए म्हणजे आपला सा. ए-सेव्हन चालू असताना सा धरा. डी-सेव्हन आला तरी साच धरा, तो तिथेही बसतो. नवव्या बारात ई-सेव्हन आला की शुद्ध निषादावर उतरा, दहाव्यात परत सा, बाराव्यात पुन्हा निषाद. दोन सुरांत पूर्ण आवर्तन झालं.

हे जमलं की दुसऱ्या माणसाला ही ओळ द्या: ए-सेव्हनवर शुद्ध गंधार, डी-सेव्हनवर कोमल गंधार, ई-सेव्हनवर ऋषभ. पायरी पायरीने अर्धा-अर्धा सूर खाली. आवाज न वाढवता, ‘आ’ किंवा ‘ऊ’वर. दोन्ही ओळी एकदम धरल्या की घरातली खोली बदलल्यासारखी वाटते.

एका घरातल्या आवाजांची मिळवणी बाहेरच्यांपेक्षा लवकर होते. त्यात गूढ फारसं नाही. गळ्याची ठेवण सारखी असते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोलण्याची लकब सारखी असते. ‘आठवेना’तला ‘ना’ सगळे एकाच वेळी सोडतात. शिकागोत गायक-गिटारवादक रोबक ‘पॉप्स’ स्टेपल्स आपल्या मुलांना दिवाणखान्यात जमिनीवर गोल बसवून प्रत्येकाचा सूर गिटारवर वाजवून द्यायचे. ती गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तीची गाणी होती, पण पद्धत इथेही तंतोतंत लागू पडते: सूर तोंडी समजावून सांगू नका, वाजवून द्या.

गिटारवर उत्तर कसं द्यायचं

त्या दीड बारात वाजवायला पाच सूर पुरतात: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. म्हणजे धानी रागाचे सूर. ए पट्टीत ते गिटारच्या तीन तारांवर सापडतात (तारा सगळ्यात बारीक तारेपासून मोजायच्या). पाचवी तार मोकळी, मग तिसरा फ्रेट. चौथी तार मोकळी, मग दुसरा फ्रेट. तिसरी तार मोकळी, मग दुसऱ्या फ्रेटवर वरचा सा. एवढ्यात दोन-तीन सूर निवडा. जास्त वाजवलं की उत्तराऐवजी भाषण होतं.

ब्लूजचा खरा गंधार मात्र कोमल आणि शुद्ध यांच्या मधला असतो. गळ्यातून तो आपोआप निघतो. गिटारवर त्याची हूल द्यायची: दुसऱ्या तारेवर पहिला फ्रेट दाबून तार छेडायची आणि लगेच दुसऱ्या फ्रेटवर बोट आपटायचं.

दोन गिटार असतील तर दोघांनी एकाच जागी एकसारखे कॉर्ड झोडपू नयेत. मिनी आणि जो यांच्याकडे ऐकायचं ते हेच: एक गिटार खर्जात ठेका धरते, दुसरी वरच्या तारांवर फिरते. तुम्ही दुसऱ्या गिटारला पाचव्या फ्रेटवर कॅपो लावा आणि ई-सेव्हन, ए-सेव्हन, बी-सेव्हन या आकारांनी वाजवा. पट्टी ए च राहते, पण सूर वरच्या जागी जातात आणि दोघांमध्ये हवा खेळते.

बैठक किती, केव्हा

वीस मिनिटं. आठवड्यातून तीनदा. बोटांची टोकं पहिले काही आठवडे दुखतात. खूण खोल उमटली की थांबा, फोड येईपर्यंत ताणू नका. बैठक नेहमी जमलेल्या गाण्यावर संपवा. चूक झाली तर थांबून परत पहिल्यापासून सुरू करायचं नाही, पुढची सम गाठायची. आणि वाजवत असताना कुणी कुणाला ‘तू चुकलास’ म्हणायचं नाही. आमच्याकडे हा नियम मीच सगळ्यात जास्त वेळा मोडला आहे.

फोनवर मुद्रण

महिनाभराने एकदा मुद्रण करा. फोन छातीच्या उंचीवर, भिंतीपासून दूर ठेवा. गाणारा दीड मीटरवर, गिटार त्याच्या किंचित मागे, हार्मोनिका आणि डबा अजून मागे. आवाज कमी-जास्त करायचा तो माणसं पुढे-मागे सरकवून. एकाच मायक्रोफोनभोवती वाजवणारे गटही हेच करायचे. सोफा, पडदे, अंथरूण असलेली खोली बरी, रिकाम्या खोलीत घुमतं. ऐकल्यावर प्रत्येकाने फक्त दुसऱ्याचं आवडलेलं एक सांगायचं. स्वतःच्या चुका स्वतःला ऐकू येतातच.

थांबायचं कसं

सुरुवात कुणीही करतं. एकत्र थांबणं अवघड. आवर्तन गोल फिरत राहतं, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो आणि गाणं एकेक वाद्य गळत विझतं. अमेरिकी लोकसंगीताच्या बैठकीत याला साधा उपाय आहे: ज्याने गाणं सुरू केलं तो शेवटच्या फेरीत एक पाय जमिनीवरून वर उचलतो. हात वाद्यात गुंतलेले, तोंड गाण्यात. पाय मोकळा असतो आणि सगळ्यांना दिसतो.

आम्ही हे काम सासऱ्यांना दिलं आहे. त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून पाय हवेत फार वेळ राहत नाही. त्यामुळे शेवटच्या बारा बारांत सगळ्यांची नजर त्या चपलेवर असते, आणि ती खाली टेकते त्या मात्रेला आम्ही पाचही जण थांबतो.